आसन क्रमांक सतरा

नवी पेठेत, झेरॉक्सवाल्याच्या डोक्यावर तिसरा मजला.
जिन्यात चपलांचा खच.
दारावर पाटी: मोबाइल सायलेंट. कुजबुज नको. डबा गच्चीवर.
महिना अकराशे, पंख्याखाली दीडशे जास्त.

धुमाळकाकांनी रजिस्टर सरकवलं.
नाव, गाव, परीक्षा.
तिसऱ्या रकान्यात मी रेघ मारली.
"रेघ चालत नाही," ते म्हणाले,
"इथं प्रत्येक जण काही ना काही देतो."
मी लिहिलं: इतर.

घरी खोली आहे माझी. खिडकीसुद्धा आहे,
खिडकीबाहेर सोनचाफा.
अकरा वर्षं त्या खिडकीत बसून
मी फक्त चाफ्याबद्दल लिहिलं,
तेही वाईट.

इथे हाताच्या अंतरावर प्लायवूड, तिन्ही बाजूंनी.
त्यावर आधीच्या कुणी कर्कटकानं कोरलंय:
पीएसआय १९.
खाली, पीएसआय २०.
त्याखाली नुसतं २१
आणि मग काही नाही.
तो लागला की गेला, कळायला मार्ग नाही.
त्या कोऱ्या जागेसमोर मी रोज सकाळी येऊन बसते.

चाळीस डोकी, चाळीस दिवे.
कुणाची कलमं, कुणाच्या नद्या
ओठांतल्या ओठांत वाहतात,
आणि पानं उलटतात तेव्हा
लांब कुठेतरी सुपात धान्य पाखडल्यासारखं वाटतं.
त्या आवाजात मला एकटं राहता येतं.
घरी मी नुसती एकटी असते.

शेजारी अठरावर संघमित्रा वाठोरे, कळमनुरीची.
गच्चीवर ठेचा पुढे करत विचारते,
"मॅडम, वयाची अट गेली असेल ना तुमची?"
गेली.
"मग?"
मग काय. मी तिच्या डब्यात लोणचं वाढते.
एकदा म्हणाली, तुमचं पान दिसलं मला, चुकून,
सगळं खोडलेलं होतं.
"निगेटिव्ह मार्किंग असतं का तुमच्यात?"
असतं, म्हटलं. फार.

निकालाच्या मंगळवारी खाली हलगी, गुलाल.
झेरॉक्सवाला असे पेढे वाटत होता
जणू त्याच्याच मशीनमधून फौजदार निघाला.
वर आम्ही सातजण उरलो.
संघमित्रानं खोकं बांधलं, सुतळीची गाठ दातांनी ओढली,
खुर्चीवरची उशी माझ्याकडे सरकवली.
"तुम्हाला अजून वेळ लागेल."
किती गुणांनी, ते मी विचारलं नाही.
पाटीवर लिहिलंच होतं, कुजबुज नको.

त्या रात्री मी माझीच वही उलटत बसले,
कोरी पानंसुद्धा,
नुसता आवाज व्हावा म्हणून.

आता अठरावर भूमचा एक पोरगा आलाय.
लाकडी खुर्चीत सारखा चुळबुळतो,
पण पानं छान उलटतो.
उशी त्याला द्यायला हवी.
देईन.
अजून दोन प्रकरणं आहेत.