कलबुतं

त्या दहा वर्षांत रीगातली मोठी माणसं
एकामागून एक गेली.
चर्चची घंटा वाजायची, नदी गोठलेली असायची,
आणि माझा योआखिम खुंटीवरून
लाकडी पायांची एक जोडी उतरवून
तळव्यावर खडूनं फुली मारायचा.
एवढंच सुतक आमच्या दुकानात.

न्यायाधीश गेले. डाव्या अंगठ्याशी गाठ,
उभ्या जन्मात कुणाला दाखवली नसेल त्यांनी,
आम्ही तिला चामड्याचा तुकडा ठोकून
कलबुतावर जागा दिली होती.
नाटकात राणी व्हायची ती बाई गेली,
टाचा धुणेवालीसारख्या रुंद.
मग डॉक्टर टिलेमान,
ज्यांनी शेंडेनक्षत्राची वाट मोजली.
रात्र रात्र गच्चीवर उभं राहून पाय सुजायचे,
सकाळचं माप एक, संध्याकाळचं दुसरं.
योआखिमनं मधलं धरलं.

थोरांचे पाय मातीचे असतात म्हणे.
मी तर बर्चच्या लाकडाचे पाहिले.

पुढं योआखिमही गेला. त्याच्यासाठी
लहान घंटा वाजली, तीही थोडा वेळ.
त्या हिवाळ्यात सरपण महागलं.
न्यायाधीश चांगले जळले.
राणीबाईंनी नुसता धूर केला.

डॉक्टरांना चुलीपर्यंत नेलं होतं,
तेवढ्यात मादे आली, मासे विकणारी,
पायाला चिंध्या, हातात टोपली,
पैसे नाहीत, आठ हेरिंग आहेत म्हणाली.
मी टिलेमानांच्या टाचा तासल्या,
चवड्यावर चामडं चढवलं,
आणि आभाळाखाली ताटकळलेल्या त्या पायांवर
मादेचे बूट शिवले.
ती दुकानभर चालली.
"चावत नाहीत," म्हणाली.
मासे खारट होते.

बर्फ वितळल्यावर विद्वत्सभेचे दोघे आले,
हातमोजे न काढता बसले.
डॉक्टरांची कलबुतं असतील का, आठवण म्हणून?
आहेत की, म्हटलं,
आणि खालच्या फळीवरची
योआखिमची दिली.
त्यांनी ती उजेडात धरली.
बघा, एक म्हणाला, कसा ठाम उभा असेल हा माणूस!
योआखिम लंगडायचा.

आता ती काचेच्या कपाटात आहेत,
खाली पितळी पाटी.
रविवारी प्रार्थना आटोपून मी तिकडं जाते,
पदराच्या टोकानं काच पुसते.
दरवान परवा विचारत होता,
डॉक्टर तुमचे कोण लागायचे?
गिऱ्हाईक, म्हटलं.
एका जोडीचे पैसे यायचेत अजून.