तळहात

उदगीरच्या कोर्टात पाहिलं तेवढंच सांगितलं मी:
काठी मन्मथच्या हातात होती.
खाली पडला तो पंपावरचा यासीन.
बस्स, दोन वाक्यं.

त्या दिवसापासून गिरणीचा पट्टा तुटलाय
आणि तो फक्त माझ्याच ज्वारीला तुटतो.
जात्यावर दळायलेय. खांदा भरून येतो.
कमळाबाई, जिची तिन्ही बाळंतपणं मी काढली,
मला बघून वाट बदलते.

काल रात्री कुणीतरी कडब्याची गंज पेटवली.
म्हैस दाव्याला हिसके देत होती
आणि शेजारच्या ओसऱ्यांवर
दिवे लागले, माणसं नाही आली.

पहाटे केसांत धूर घेऊनच बसले पूजेला.
गळ्यातलं लिंग सोडून डाव्या तळहातावर घेतलं.
जांभळाएवढा देव.
वर पाण्याचे चार थेंब.

एकेकाचं नाव तोंडावर आलं.
मन्मथ. त्याचा बाप. गिरणीवाला.
वाटोळं मागणार होते सगळ्यांचं,
तर बोटं मिटायला लागली आपोआप.
मूठ आवळावी, तर आत तू.

माफ केलं, असं नाही.
तुझ्यासमोर कशाला खोटं बोलू?
गंज कुणी जाळली ते मला ठाऊक आहे,
तुलाही. आता तुझ्याकडंच राहू दे.
मला म्हशीच्या वैरणीचं बघायचंय.

लिंग परत गळ्यात बांधलं.
आधी गार लागतं छातीला.
मग कधीतरी, भाकरी थापताना,
लागेनासं होतं.