चालू होतं

जाहिरातीत तीनच ओळी:
व्होल्वो दोनशे चाळीसचं इंजिन.
चालू होतं.
फोन करा, मेसेज नको.

फोटो एकच,
त्यातली अर्धी चौकट कुत्र्याने अडवलेली.

कायानीहून उत्तरेला एकशे तीस किलोमीटर,
मागे मेहुण्याचा ट्रेलर खडखडत,
आणि मी वाटभर ते दोन शब्द
उलटेसुलटे करून बघत होते.
चालू होतं, म्हणजे किल्ली फिरवली की होतं?
की एके काळी होतं,
जसं या रस्त्यावरच्या प्रत्येक गावात दुकान होतं,
शाळा होती,
बसथांबा अजून आहे, बस होती?

इल्पो कार्वोनेनने हात मिळवला, नाव सांगितलं,
हवेबद्दल एक शब्द बोलला नाही.
म्हणजे माणूस बरा.
कोठाराचं दार त्याने खांद्याने ढकललं.

लाकडी चौकटीला बोल्टने बांधलेलं ते,
वर फुलाफुलांची चादर.
चादर त्याने घडी घालून बाजूला ठेवली,
कोपऱ्याला कोपरा जुळवून.

मी माझं काम केलं.
तेलाचं झाकण उघडून आतून बोट फिरवलं : साय नाही.
चारही स्पार्क प्लग काढले :
कॉफीत बुडवलेल्या टोस्टचा रंग.
डिपस्टिक नाकाशी धरली.
पान्याने क्रँकचा एक पूर्ण फेरा, कुठे अडली नाही.
तो माझ्या चेहऱ्याकडे बघत होता,
रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरकडे बघतात तसा.

"गाडी?" मी विचारलं.
"गंजली. रस्त्यावरच्या मिठाने.
तळ गेला, मग दारं, मग सगळंच."
जरा थांबून म्हणाला,
"याला कुणी सांगितलं नाही."

मग ट्रॅक्टरची बॅटरी आली,
पेट्रोलचा डबा खुंटीला टांगला,
नळी कार्ब्युरेटरला,
आणि स्क्रू-ड्रायव्हर दोन टोकांना टेकवला.
पहिल्यांदा नुसती ठिणगी.
दुसऱ्यांदा खोकला.
तिसऱ्यांदा ते चौकटीसकट थरथरलं,
भिंतीवरचे पाने किणकिणायला लागले,
कुत्रं बाहेर पळालं.
इल्पोने ओठातल्या ओठात वीस मोजले आणि वायर काढली.
आत पाणी नाही, जास्त चालवायचं नाही.
"दर महिन्याच्या एक तारखेला," तो म्हणाला.
"सहा वर्षं."
का, ते मी विचारलं नाही.

किंमत साडेतीनशे युरो.
मी ठरवून आले होते : दोनशे ऐंशी, फार तर तीनशे.
पण घासाघीस करायची
तर कुणीतरी आधी तोंड उघडावं लागतं.
आम्ही उभ्याने कॉफी प्यायलो.
मी साडेतीनशे मोजून दिले.
त्यातली वीसची नोट त्याने परत केली,
"पेट्रोलला."

एल्क सोलायला टांगतात ती साखळी तुळईला होतीच.
तिनेच उचललं, ट्रेलरमधल्या टायरवर टेकवलं.
चार पट्टे माझे, पाचवा त्याने स्वतःचा बांधला.
कॉफीच्या डब्यात बोल्ट,
प्रत्येकाला चिकटपट्टी, पेन्सिलीने लिहिलेली :
डावा. उजवा. हा जरा हट्टी आहे.
चादरही वर घातली.
मी नको म्हणाले नाही.

ही सप्टेंबरातली गोष्ट.
पुढे कारखान्यात रात्रपाळ्या, आईचा गुडघा,
मग क्लचची प्लेट चुकीची आली.
माझी गाडी अंगणात
बॉनेट उघडं टाकून बर्फ गिळत उभी,
इंजिन गॅरेजात, फुलांखाली.

ऑक्टोबरची एक तारीख गेली, नोव्हेंबरची गेली.
डिसेंबरच्या एक तारखेला फोन वाजला.
हॅलो नाही, नाव नाही,
मागे कुत्रं भुंकतंय.
"चालू होतं?"

मी चादरीकडे बघितलं.
"होतं," म्हणाले.

"बरं."

मग रात्री अकराला
कॉफीचा डबा शोधून काढला,
आणि आधी तो हट्टी बोल्ट उचलला.