साडेआठच्या बातम्या

डिचोलीत टायरच्या दुकानावर एक खोली होती.
निळा पडदा, दोन ट्यूबलाइटी,
आणि पंखा, जो बातम्यांच्या वेळी बंद ठेवायचा,
कारण तो माझ्यापेक्षा मोठ्यानं बोलायचा.

सगुणनं वायरी ओढल्या होत्या
माडांवरून, कौलांवरून,
एके ठिकाणी इगर्जीच्या आंब्यावरून.
पाद्रीनं मागितलं ते एवढंच :
नाताळची मीस दाखव, आणि मध्ये जाहिरात नको.

साड्या वारखंडकरांच्या दुकानातून यायच्या,
सकाळी घडी मोडली नसल्यासारख्या परत जायच्या.
किमतीची चिठ्ठी आत दुमडून मी वाचायची,
मयेत चार दिवस नळ कोरडे,
आणि ती बरगडीला टोचायची
नेमकी मंत्र्यांच्या नावापाशी.

खाली पट्टी सरकायची.
म्हैस हरवली, कपाळावर चांद, लामगाव.
दहावी पास, अभिनंदन, मामा-मामी.
मरणाचे पन्नास रुपये,
वर्षश्राद्धाचे तीस.
म्हशीचे सगुण घ्यायचा नाही.

तेव्हा पैसा तांबडा होता, खनिजाच्या धुळीचा.
नवा ट्रक आला की घरमालक
ट्रकच्या पूजेची जाहिरात द्यायचा, बायकोसकट.
आम्ही दुसरा कॅमेरा घेतला,
इनास तो अंगातल्या शर्टानं पुसायचा.
नव्या सोमवारी पालखी थेट दाखवली
तर लोक दारातली पालखी सोडून
आत पळाले, आपण दिसतो का बघायला.

मग खाणी थांबल्या.
मीच वाचलं ते.
सगुण काचेमागून हातानं सांगत होता, हळू, हळू,
हळू वाचल्यानं काय होणार होतं?
ट्रकांच्या चाकांतून गवत आलं.
खालचा टायरवाला आमच्या आधी गेला.
मग घरोघरी नवे काळे डबे आले,
त्यांत दुनियेभरचे क्रमांक,
आमचा नव्हता.

शेवटच्या रात्री मी बावीस मिनिटं वाचलं.
हवामान. साळच्या देवळातलं नाटक.
पट्टी बिघडलेली, म्हणून वर्षश्राद्धंही तोंडानं.
कॅमेऱ्याचा लाल दिवा लागलेला होता.

इनासनं सांगितलं ते पुष्कळ वर्षांनी,
त्याच्या मुलीच्या लग्नात, हातात ग्लास :
लाइन सातलाच कापली होती.
मग दिवा का लावलास रे?
तू साडी नेसून बसली होतीस गो, म्हणाला.

ती साडी न्यायला कुणी आलं नाही.

परवा बाजारात शेवंती बांगडे मोजता मोजता थांबली.
माझ्या घोवाचं नाव त्या राती वाचलं मूं तू?
आमच्या टीव्हीत नुसत्या मुंग्या.
वाचलं, मी म्हटलं.
पुरं?
पुरं. बापाचं नाव, वाड्याचं नाव, सगळं.

तिनं एक बांगडा वर टाकला.
मी नको म्हटलं नाही.