शहात्तर पूर्णांक दोन

शिंप्याची पिवळी टेप अजून माझ्या खिशात असते.
हिनंच मोजली मोनाप्पाची छाती
कुद्रेमनीच्या माळावर, पहाटे साडेपाचला,
न फुगवता: शहात्तर पूर्णांक दोन.
लागतात सत्त्याहत्तर.

आठ मिलिमीटर.
म्हशीचं दूध, भिजवलेले हरभरे, दीडशे जोर, पुन्हा टेप.
आठ मिलिमीटर.
रताळ्याचा वेल एका रात्रीत याहून जास्त सरकतो.

पळण्यात मात्र तोड नव्हती.
आमची पाच किलोमीटरची धाव कर्नाटकात सुरू होते,
ओढ्यापलीकडं महाराष्ट्रात शिरते,
पिंपळाला हात लावून माघारी वळते.
मोनाप्पा येऊन चपला घालायचा
तेव्हा बाकीची पोरं परराज्यातच असायची.

तीनदा बेळगावात भरती, तीनदा दंडावर खडूची फुली.
मग वय संपलं.
गोव्यातून बोटीवर लागला, भांडी घासायला,
आणि मार्सेयच्या बंदरात उतरला
तो पुन्हा बोटीवर चढलाच नाही.

सहा महिन्यांनी फोन.
"उस्ताद, मी फौजेत हाय."
कुठल्या गा?
"त्यांच्या."

त्यांनी टेप काढलीच नाही म्हणे.
दांडीला लटकवलं, पळवलं, दात बघितले,
पासपोर्ट कपाटात ठेवला आणि नवं नाव दिलं.
मोनाप्पा होनगेकर आता मार्को होर्वात.
कोण हा होर्वात, कुठला, त्याची आई कोण,
काही पत्ता नाही.
आद्याक्षरं तेवढी जुनी.

आणि एका बंद खोलीत
तीन दिवस एकच विचारणं, फिरवून फिरवून:
तुझ्या मागावर कोण आहे?
तुला कोण शोधतंय?
"कोण न्हाई म्हटलं मी," हसत सांगत होता.
फोन स्पीकरवर होता.
काजूच्या बिया फोडत बसलेली त्याची आई,
आमच्याकडच्या बायका बोलतात तशी, बोलली,
"मी शोधत होतो की गा."

त्यावर तिकडून बराच वेळ
नुसता वारा ऐकू आला.

गावात आता दोन तट. परक्याचं मीठ, वगैरे.
मी गप्प बसतो.
मी चोवीस वर्षं दिली, आपल्याच देशाला,
रेशनकार्डावर माझं नाव अजून कन्नडात चुकीचं आहे.
आणि माझ्या पणजाचा भाऊ बसऱ्याला गेला होता.
राजा कुठला, भांडण कुणाचं, त्यानं विचारलं नसावं.
तो आला नाही. आलं ते बशीएवढं पितळ,
त्यावर एक बाई आणि एक सिंह.
देव्हाऱ्यात जोतिबाच्या शेजारी असतं ते.
आई त्याला हळदकुंकू लावायची,
बाईला थोडं, सिंहाला जास्त.

माळाच्या कडेला फळा आहे, फौजेतल्या पोरांचा. एकेचाळीस नावं.
बसवाणी पेंटर ब्रश धुऊन उभा:
बेचाळिसावं घालू काय?
कुठलं घालणार, म्हटलं. होनगेकर की होर्वात?
आणि कुठल्या अक्षरांत?
तो म्हणाला, मला तर तीन येतात,
चौथं कागदावर लिहून द्या.

परवा पुन्हा फोन आला. तिथं डोंगर आहेत,
पाठीवर तीस किलो, रात्रभर चाल.
दम लागला की काय मोजतोस, विचारलं.
"ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु."
मराठी नाही?
"तेच येतंय तोंडात, उस्ताद. कन्नड शाळेतलं.
त्याच आकड्यांसाठी छड्या खाल्ल्या होत्या,
बहुतेक त्या अजून पाठीत हाईत."

आज माळावर नवं पोर उभं होतं,
सोळा-सतरा वर्षांचं, दोन्ही हात वर,
बरगड्या मोजाव्यात अशी.
श्वास सोड, म्हणालो.
आणि टेप जरा सैल धरली.

पोरगं खूश झालं.
तिकडं बेळगावात
कोण सैल धरणार आहे?