बल्ली नव्हे

अत्तम्मा दारातच थबकली, चप्पल हातात.
काचेत बल्ली पाळतं का कोण, राजमणी?

म्हटलं, बस. चष्मा लाव.
बल्लीला खवले असतात, याला नाहीत.
नखं नाहीत. पुढं चार बोटं, मागं पाच, मोज.
शेपूट उभी चपटी, पाण्यात धरलेल्या काठाच्या पट्टीसारखी.
न्यूट म्हणतात. मराठीत काय, ठाऊक नाही.
तेलुगूत तू सांग.
ती काही बोलली नाही.

विजापूर वेशीतल्या मकबूलनं मासळीचं दुकान मोडताना
लोणच्याच्या बरणीत दिले होते दोघं,
'पाण्यातली पाल' म्हणून. पैसे घेतले नाहीत.

पोट नारिंगी, त्यावर काळे डाग.
सव्वीस वर्षं मी जकार्डचे पत्ते टोचले,
भोक कुठं आहे अन् कुठं नाही
यावरून चादरीतला मोर वाचला.
कारखान्याला कुलूप लागलं, डोळे राहिले.
गळ्याखाली मोर तुटलेला, तो मल्लेशम.
डाग पोटभर सांडलेले, ती बालमणी.
एकच पत्ता दोनदा टोचलेला नाही.

नळ चौथ्या दिवशी येतो.
सगळी गल्ली शिव्या देते, मीपण देते,
पण यांना ताजं पाणी सोसत नाही.
औषधाचा वास उडेपर्यंत
पिंप दिवसभर उघडं ठेवायचं, मग ओतायचं.
आमच्या शिळ्या पाण्याला मान देणारं
हे पहिलंच कोणीतरी.
पिंपात डासांच्या अळ्या शोधायला
महापालिकेचा पोरगा येतो, हात हलवत जातो.
मी आधीच गाळून यांना घातलेल्या असतात.

मे महिन्यात मात्र झोप नाही.
बाहेर चव्वेचाळीस, यांना बावीसच्या वर नको.
बर्फाच्या बाटल्या पाळीपाळीनं सोडायच्या,
काचेभोवती ओला टॉवेल,
एक्स्पोर्टमधून परत आलेला, एक धागा सुटलेला.
परवा रात्री दोनला लाइट गेली.
मी पुठ्ठ्यानं पाण्यावर वारा घालत होते.
अत्तम्मा उठली. वाटलं, आता बोलणार.
तिनं मोबाइलची बॅटरी धरली.

तेवढ्यात बालमणीनं कात काढली,
ओठापासून शेपटीपर्यंत, मलमलीसारखी, अख्खी,
आणि तोंडात धरून गिळून टाकली.
अत्तम्मा कितीतरी वेळ गप्प.
मग म्हणाली,
आपलं कापड आपणच खातंय गं.

सकाळी तिनं पंचांग काढलं.
डोक्यावर पडली तर काय, डाव्या खांद्यावर पडली तर काय,
बोट ओळीवरून फिरत राहिलं.
पाण्यातलीचं फळ कुठंच दिलेलं नाही.
म्हटलं, एवढंच आहे अत्तम्मा,
हात लागला तर साबणानं धुवायचा.
तिनं मान हलवली,
आणि बाटल्या भरून फ्रिजमध्ये आडव्या लावल्या.