जहाजाला अटक

भाऊच्या धक्क्यावरून सकाळी सव्वासातला
हरेश्वर वैतीच्या लाँचमध्ये बसतो.
मांडीवर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं कोर्टाचं पाकीट,
खिशात डिंकाची बाटली.
जहाजाला अटक करायचीय.

हसू नका. माणसाला करतात तशीच करतात,
फक्त बेड्या नसतात.
एक कागद ब्रिजच्या काचेला चिकटवायचा
आणि पंचवीस हजार टन लोखंड
जागच्या जागी थांबतं.
(ते चौदा महिने थांबलेलंच आहे, ती गोष्ट वेगळी.)

संध्याकाळच्या वर्गात घासवाला सर
पहिल्याच दिवशी फळ्यावर व्याख्या लिहायचे:
राष्ट्राराष्ट्रांमधले व्यवहार बांधून ठेवणारे नियम.
मग स्वतःच डस्टर घेऊन उभे राहायचे.
राष्ट्र म्हणजे कोण? पुसलं.
बांधलं कोणी? पुसलं.
शेवटी फळ्यावर 'व्यवहार' तेवढा उरायचा
आणि सरांच्या बाहीवर खडू.
मागच्या बाकावरून कोणीतरी विचारायचंच,
सर, ह्या कायद्याचा पोलीस कुठाय?
पुढच्या आठवड्यात घेऊ, सर म्हणायचे.
तिसऱ्या वर्षी मी नापास होऊन नोकरीला लागलो,
तोवर तो आठवडा आला नव्हता.

लायब्ररीतल्या प्रतीच्या समासात
कोणीतरी 'राजे' खोडून 'राष्ट्रे' लिहिलेलं.
त्याखाली वेगळ्या हाताचं, 'व संस्था'.
त्याच्याही खाली, दंडाची पर्वा न करता, निळ्या शाईत:
'आणि माणसं?'
प्रश्नचिन्ह कोणीतरी ब्लेडने खरवडलेलं.
तिथे कागद इतका पातळ झालेला
की पलीकडच्या पानावरचं 'युद्ध' दिसायचं.

जहाजाचा झेंडा एका बेटाचा.
ते बेट वैतीला त्याच्या फोनवर सापडलं नाही.
मालक तिसऱ्याच देशात, एका टपालपेटीत राहतो.
इंजिन जपानी, विमा संपलेला,
गंज मात्र इथला, आपल्या खाऱ्या वाऱ्याचा.

शिडीच्या वरच्या टोकाला खानसामा उभा. को मिन, बर्मी.
पानी लाया?
मी कागद आणला होता.
पाणी वैतीने आणलं होतं, दोन पिंपं,
वर कांद्याची गोण आणि सुकट.
मी विचारलं, ह्याचं बिल कोणाच्या नावे?
तो दोर बांधता बांधता म्हणाला,
'दर्यान कोनी हाक मारली त जालं कापाचं नं जावाचं.
आजा पन तसाच करी. बिल कसला?'
'रूढी' ह्या प्रकरणाला सरांनी
दोन संध्याकाळी घेतल्या होत्या.

तर तो पोलीस मीच निघालो:
वय बावन्न, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, बोट लागते.
दमट हवेत डिंक धरेना.
वॉरंटचा एक कोपरा सुटायचा, दाबला की दुसरा.
को मिन आत गेला आणि वाटीत
मूठभर गरम भात घेऊन आला.
शितं बोटांनी चिरडून चारही कोपऱ्यांना लावली त्याने,
घरात कॅलेंडर लावावं तशी, मागे सरून,
सरळ आहे ना ते बघत.

इसमें मेरा क्या लिखा है?
मी बोट ठेवलं. सातवा परिच्छेद.
जहाज विकलं की आधी खलाशांचा पगार, मग बँक.
फार जुना नियम आहे, मी म्हणालो, बँकेपेक्षा जुना.
त्याने ती ओळ वाचली नाही,
माझं बोट कुठे आहे ते नीट पाहून ठेवलं.

कब?

समोर बुचर आयलंड, तेलाच्या टाक्या,
एक कावळा इतक्या आत कसा आला कोण जाणे.
पुढच्या आठवड्यात, मी म्हणालो.

परतताना वैतीने पैसे माझ्या एकट्याचेच घेतले.
रजिस्टरमध्ये वेळ लिहायची होती,
पण पेन बोटांतून सुटेना, भात वाळलेला.